भिंतीवरची गोदावरी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१२ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप जोहराआपास,
कडुबाचा दंडवत आणि सलाम, दोन्ही.

आधी तक्रार, मग खुशाली. आमच्यावर घोर अन्याय झाला आहे. तुझं पत्र दीपमालाताईंच्या डब्याच्या पिशवीतून आलं. त्या रोज इथून तुझ्या वाडीच्या शाळेला अप-डाउन करतात, म्हणून आपलं टपालखातं फुकटात चालतं हे मला मान्य आहे. परंतु खुरासणीच्या चटणीचं तेल संपूर्ण पत्रात मुरलं असून कागद काचेसारखा पारदर्शक झाला आहे. परिणामी पुढच्या पानावरची खोलीदुरुस्तीची मागणी आणि मागच्या पानावरचं गुडघेदुखीचं वर्णन एकात एक मिसळून गेलं. मी अर्धा तास तुझ्या गुडघ्याला प्लॅस्टर कुठल्या निधीतून द्यावं, याचा विचार करत होतो.

आता उत्तर. मागच्या खोलीच्या दुरुस्तीला पैसे नाहीत. हसू नकोस, कारण शाळेला पैसे आहेत. भरपूर आहेत. तुझी शाळा आमच्या 'देखणी शाळा' स्पर्धेत घेतली आहे. कार्यालयात आम्ही निधीचे दोन भाग करतो. एक अंतरंग, म्हणजे वर्गखोल्या, काळे फळे, पुस्तकं. दुसरं बाह्यांग, म्हणजे प्रवेशद्वार, रंगकाम, हात धुण्याचे नळ, फलक, पाहुण्यांची सरबराई. ही नावं मीच सुचवली. संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला प्रतिनियुक्तीवर अनुदानाच्या टेबलाला बसवलं की दुसरं काय होणार? अंतरंगाचा निधी दिवाळीआधीच संपला. बाह्यांगाचा ओसंडून चाललाय. साहेबांचं म्हणणं, स्पर्धेचे गुण दिसणाऱ्या गोष्टींना आहेत. आमच्या वेदान्तातही आत्मा अविनाशी असल्यामुळे त्याला दुरुस्ती लागत नाही, तेव्हा साहेब शास्त्राला धरूनच आहेत.

सांगायचं एवढंच की रंगारी मिळेल, गवंडी मिळणार नाही. भेग आहे म्हणतेस, तर रंगाऱ्याकडून काय होतं ते बघ.

फुलंब्रीच्या शाळेत दहावीला संस्कृतात तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले होते, हे मी अजून विसरलेलो नाही. आज सूड उगवला असं समज.

तुझा
कडुबा

•

वाडीची शाळा, ता. सिल्लोड
१८ डिसेंबर २०२४

कडुबा, दुआ.

पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देते आहे. आता तरी नीट वाच.

तुझा रंगारी आला. आकाश नाव. हात लई चांगला आहे पोराचा. समोरच्या खोलीवर पाढे, झाडं, मोर, सगळं काढलं. तिथं दीपमाला पहिली-दुसरी घेते. मागच्या खोलीत माझी तिसरी-चौथी. तिथं त्यानं भेग बघितली. पुट्टी भरली, सकाळी पुट्टी खाली. परत भरली, परत खाली. मग मला म्हणतो, "मॅडम, ही काय दबत नाय. तुमी म्हणाल तर नदी काढतो हिची."

मी म्हटलं, "कशाची नदी?"

"महाराष्ट्राचा नकाशा काढू भिंतभर. भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघती, तिथं नाशिक धरू. आडवी जाती तशी गोदावरी. कोण म्हणंल भेग हाये?"

आणि खरंच कोणी म्हणणार नाही, इतकी बेमालूम काढली आहे. पैठण भेगेवर बरोब्बर बसलं. नांदेडला थोडी वर गेली आहे, पण ती आकाशची चूक नाही, भिंतीची आहे.

मुलं खूश आहेत. चौथीतली मोनिका छडी घेऊन उभी राहते आणि नाशिकपासून नदी दाखवते. छडीने समाधान झालं नाही की बोटाने दाखवते. भेगेत बोट बसतं तिचं, म्हणून तिला ती नदी जास्त खरी वाटते.

नळही बसले. आमचे समितीचे अध्यक्ष सांडूभाऊ ठरवून मोकळे झाले, की नकाशाच्या भिंतीला बाहेरून लागूनच ओळीने नळ बसवायचे. खिडकीतून नकाशा आणि बाहेर हात धुणारी मुलं, फोटो एकात येतो. मी विचारलं, पाणी जाणार कुठं? ते म्हणाले, "मॅडम, काळी माती हाये. ती काय पाणी सोडती का? पिऊन टाकती."

भेग जुनीच आहे. तू उगाच जीवाला लावून घेऊ नको. लावून घेणाऱ्यातला तू नाहीस म्हणा.

जोहरा

•

उस्मानपुरा
२४ जानेवारी २०२५

आपा,

अभिनंदन. तालुक्यात पहिली. सिल्लोडच्या मोठ्या शाळा बाजूला पडल्या आणि तुझी दोन खोल्यांची वाडी वर आली. साहेबांनी तुझ्या शाळेचा फोटो मोठा करून कार्यालयात लावला आहे, तोही नेमका माझ्या टेबलामागे. येणारा प्रत्येक जण माझ्या डोक्यावरून गोदावरीकडे बघतो आणि मला वाटतं माझ्याकडे बघून हसतोय.

फोटो मी बारकाईने पाहिला. नळाखाली हात धरलेली मुलं, खिडकीतून दिसणारा नकाशा, तुझी हिरवी साडी. तू नेहमीप्रमाणे डोळे मिटलेस. एक शास्त्रीय आक्षेप नोंदवतो. नांदेडपाशी नदी संपते आणि पुढे कोरी भिंत आहे. बिचारी समुद्राला मिळाल्याशिवाय मध्येच थांबली. तेलंगणाशी आपला पाणीवाटपाचा काही वाद आहे का?

भूगोलाच्या पेपरला तू मला एक ओळही दाखवली नव्हतीस, त्याचं फळ मी भोगलं. आता तू भोग.

साहेब खूश आहेत. तुझ्या शाळेला बाह्यांगात आणखी रक्कम देतो म्हणाले. मी हळूच म्हटलं, त्यांना खोलीची दुरुस्ती हवी होती. ते म्हणाले, "पहिली आलेली शाळा दुरुस्तीला कशी काढता येईल? लोक काय म्हणतील?" यावर मी साहेबांना हात जोडले आणि टेबलावर परतलो. असा प्रसंग माझ्यावर क्वचित येतो, म्हणून कळवला.

कडुबा

•

वाडीची शाळा
२० फेब्रुवारी २०२५

कडुबा,

तुझा आक्षेप मिटला. नदी नांदेडला थांबली नाही. महाराष्ट्र ओलांडून तेलंगणात गेली, आणि आता दाराच्या चौकटीला लागली आहे.

पाहुणे वाढलेत. पहिली आलेली शाळा बघायला रोज कोणीतरी येतं. आले की सांडूभाऊ सगळे नळ सोडायला लावतात. फोटो होईपर्यंत पाणी चालू. मग पाहुणे आत येतात आणि मोनिकाला म्हणतात, नदी दाखव. भिंतीच्या बुडाला ओल चढली आहे, आकाशचं कोकण सगळं फुगलं.

निळ्या रंगाचा एक डबा आकाश ठेवून गेला होता, कुठं रंग उडाला तर लावा म्हणून. परवा मी आले तर पोरं नवीन वाढलेल्या भेगेत रंग भरत होती. कोणी सांगितलं नव्हतं. मी रागावले तर मोनिका म्हणते, "मॅडम, नदी पुढं गेली, मग निळी नको का व्हय?" वरून छताकडे एक नवीन फाटा निघालाय. तो उपनदी धरायचा, असं वर्गात ठरलं. तिला नाव पाहिजे. बरीच भांडणं झाली, शेवटी मोनिकाच्या आजीचं नाव दिलं. दगडाबाई.

हसलास ना? मीही हसले होते.

आता जे लिहिते ते हसून वाचू नको. इंजिनियर पाठवू नकोस. मला माहीत आहे काय होईल. तो बघेल आणि 'धोकादायक' लिहील. धोकादायक लिहिलं की खोली बंद. खोली बंद म्हणजे तिसरी-चौथी बाहेर. आपल्याकडे बाहेर असं काही नाही, ओट्यावर पाच पोरं मावतात. मग वरून कागद येईल, की पट तसाही कमी आहे, मुलं मोठ्या गावच्या शाळेत बसवा. ते गाव जळगाव रोडच्या पलीकडं. त्या रस्त्याला डंपर कसे पळतात ते तू बघितलंस. पोरं जातील रडत-पडत. पोरी जाणार नाहीत. मोनिकाच्या घरच्यांनी मला आत्ताच सांगून ठेवलंय, "शाळा इथं हाये तवर शिकवू."

भिंत उभी आहे तवर शाळा आहे, असा हिशोब आहे माझा. दुरुस्तीचा निधी काढ, गुपचूप गवंडी लावून घेते. तुझ्या टेबलावर बसून तुला एवढं जमायला हवं.

जोहरा

•

उस्मानपुरा
४ मार्च २०२५

आपा,

रमजान मुबारक. आज थट्टा कमी सापडेल.

तुझं पत्र वाचून मी खुर्ची फिरवली आणि मागचा फोटो पाहिला. फोटोत चौकट स्वच्छ आहे. छताकडे काहीही जात नाही. म्हणजे दगडाबाईचा जन्म महिन्याभरातला.

आमच्या मजल्यावर बांधकामाचे एक जुने अभियंता बसतात, या वर्षी निवृत्त होतील. त्यांना विचारलं, नाव-गाव न सांगता. म्हटलं, माझ्या मेव्हण्याच्या घराची गोष्ट आहे. ते म्हणाले, "पुट्टी धरणारी भेग रंगाऱ्याची. पुट्टी टाकून देणारी भेग पायाची. काळ्या मातीत पाया असेल आणि शेजारी पाणी मुरत असेल, तर माती फुगते आणि भिंत उचलते. पाणी बंद झालं की माती बसते, भिंत बसत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मेव्हण्याला म्हणावं, त्या भिंतीला टेकू नका."

त्यांनीच एक उपाय सांगितला. भेगेवर आडवी काचेची बारीक पट्टी ठेवायची, दोन्ही टोकांना सिमेंट. भिंत शांत असेल तर काच शाबूत राहते. भिंत चालत असेल तर काच आधी बोलते. अशी पट्टी पुठ्ठ्यात बांधून दीपमालाताईंकडे देतो आहे. त्या पिशवी घेताना म्हणाल्या, "सर, नळ बंद करायला तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतील." मी विचारलं, ताई, तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "मोठ्या मॅडमनी शपथ घातली होती." तू फक्त माझ्यावरच दादागिरी करतेस असा माझा समज होता. तो आज गेला.

नळ बंद कर. अध्यक्षांना सांग, कार्यालयाचा आदेश आहे. आदेश नाही, पण कार्यालयात मी आहे.

निधीचं सांगतो. साहेबांपुढे फाइल ठेवली, बाह्यांगातली शिल्लक अंतरंगात वळवावी. ते म्हणाले, लेखापरीक्षणात अडकू. मी म्हटलं, भिंत आत आहे तशी बाहेरही आहे, तिची बाहेरची बाजू बाह्यांगात धरू. ते बराच वेळ हसले. फाइलवर लिहिलं, 'शिल्लक मार्चअखेर स्वागत-कमानीवर खर्च करावी.' कमानीवर काय कोरायचं ते संस्कृतात सुचवायला मला सांगितलं आहे. पंचवीस वर्षं सुभाषितं शिकवली, आपा. एकही आठवेना.

कडुबा

•

वाडीची शाळा
२७ मार्च २०२५

कडुबा,

रोजा आहे, ऊन लई आहे, जास्त लिहवत नाही.

काच बसवली. पोरांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, नदीवरचा पूल. सगळ्यांना पटलं. रोज आल्या आल्या पूल बघायचे.

सोमवारी उघडलं तर पूल पडलेला. मधोमध तुटून अर्धा खाली. सांडूभाऊ म्हणाले, पोरांनी हात लावला असंल. पोरं म्हणाली, पूर आला असंल. मी तुकडे पुठ्ठ्यात बांधून कपाटात ठेवले.

तेव्हापासून वर्ग ओट्यावर दाटीवाटीने घेते. ऊन सरकलं की आम्ही सरकतो. नळ दोनदा बंद केले, दोनदा चालू झाले. कमान मात्र उभी राहिली, पिवळी. तिच्यावर अजून काही लिहिलेलं नाही.

आता विभागाची मोठी कमिटी येणार आहे. त्यांना भिंतच बघायची आहे, तिच्यामुळे तर नंबर आला. सांडूभाऊ म्हणतात, तेवढ्यापुरती पोरं आत बसवा. अर्ध्या तासाचं काम. विभागात नंबर आला तर बक्षिसाची रक्कम शाळेची, तिच्यावर कुणाचा अंतरंग नाही की बाह्यांग नाही. त्यातून खोली बांधता येईल. मी सगळीकडून विचार केला. अर्धा तास बसवीन.

एवढे दिवस उभी आहे, अर्धा तास उभी राहील.

तू यात पडू नको. युसूफभाईच्या आठवणीची शपथ आहे तुला. तुझा दोस्त, माझा भाऊ, आज असता तर त्यानंही हेच केलं असतं.

जोहरा

•

उस्मानपुरा
८ एप्रिल २०२५, पहाट

आपा,

ईदचा शीरखुर्मा पोचला. सोबत चिठ्ठी नव्हती, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

कमिटीचा दौरा पुढच्या आठवड्यात होता. काल संध्याकाळी कळलं, तो आज आहे. सकाळची शाळा आहे, म्हणून ते तुमच्याकडून सुरुवात करणार आहेत. तुझा फोन लागत नाही. निरोप टाकला, त्यावर अजून एकच खूण आहे, म्हणजे पोचलेला नाही. म्हणून दीपमालाताईंची जीप निघायच्या आत हे लिहितो आहे. त्यांना तोंडीही सांगितलं आहे. पण त्या सहशिक्षिका, अध्यक्षांपुढे त्यांचं चालणार नाही. सोबत वेगळा कागद आहे, मागच्या खोलीत कोणी बसू नये असा; तो तू सांडूभाऊंच्या हातात दे. त्यावर काल निघतानाच कार्यालयाचा शिक्का मारून घेतला आहे. शिक्का मारायचा मला अधिकार नाही, पण वाडीत हे कोणाला माहीत नाही.

शपथ मोडली. तुझ्या खोलीचा अहवाल मी काल अभियंत्यांकडून लिहून घेतला. त्यांनी फोटो पाहिला, तुझं पत्र वाचलं, आणि जागा न बघता सही करणारा तो माणूस नव्हे, तरी सही केली. तो शब्द त्यांनी लिहिला आहे, तुला नको असलेला. साहेब आले की मी त्यांची सही घेईन आणि मिळेल त्या गाडीने सिल्लोडला येईन. त्यानंतर तू म्हणतेस तसं सगळं होईल. खोली बंद होईल, कागद येईल, मोठ्या गावच्या शाळेचं नाव येईल. मोनिकाच्या घरी मी तुझ्याबरोबर येईन. ते मला हाकलतील, तूही हाकलशील. माझं नावच कडुबा ठेवलंय, कोणी गोड बोलेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. दोन पत्रं मी त्या भेगेवर विनोद केले, त्यांचं काय करायचं ते तू ठरव.

युसूफचं म्हणशील, तर तो मला ओळखत होता. त्याने मला शपथ घातली नसती.

पण हे सगळं साहेब आल्यावर. साहेब अकराला येतात. कमिटी साडेआठला तुमच्या कमानीत असेल.

मला नोकरीची काळजी नाही, आपा. तू बोलणं टाकशील याचीही नाही, ते तुझं तीनदा टाकून झालं आहे. शाळा बंद पडेल याची आहे, पण ती नंतरची. मला आत्ता एकच भीती वाटते. पाहुणे आत येतील, नळ सगळे चालू असतील, आणि त्यांच्यातला एखादा भला माणूस हसून म्हणेल, बाळ, गोदावरी दाखव. आणि मोनिका उठून भिंतीजवळ जाईल.

तिला उठू देऊ नकोस.

कडुबा